पाठ ताठ, मान खाली

समोरून माणूस येतो तेव्हा बाकीचे त्याचा चेहरा बघतात. मी तो पुढे जाईपर्यंत थांबते आणि पाठ बघते. नोकरीने लावलेली सवय आहे, सुटत नाही. पंगतीत वाढणारी मुलगी कंबरेतून वाकते की गुडघ्यातून, बँकेच्या रांगेत कोण एकाच पायावर भार टाकून उभं आहे, लग्नाच्या फोटोत नवरदेवाचा कुठला खांदा खाली गेलाय, हे मला नको असतानाही दिसतं. धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका होते. निवृत्त झाल्यावर आम्ही जळगावला मुलाजवळ राहायला आलो आणि तिथे कॉलनीतल्या बायकांसाठी मी सकाळचा व्यायामवर्ग सुरू केला. दोन्हीकडे काम एकच, वाकलेल्या पाठी सरळ करायचं.

या कामावर लिहायचं कबूल केलं तेव्हा डोक्यात चषक होते, जिंकलेले सामने होते. लिहायला बसले तर त्यातलं काही लिहावंसंच वाटेना. जे सारखं आठवत राहिलं ते सांगायची लाज वाटते. तरी तेच सांगते.

खेळाच्या बाई म्हणजे गळ्यात शिट्टी, आणि गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की ज्यांचा तास हक्काने मागून घेता येतो त्या, असा आमच्या शाळेत समज होता. काम मात्र बारकाईचं असतं. साधी गोष्ट घ्या. पालथं पडून कोपरं आणि पायांची बोटं जमिनीला टेकवायची आणि बाकीचं अंग फळीसारखं उचलून धरायचं. याला हल्ली सगळे प्लँक म्हणतात. यंत्र नको, वजनं नकोत, आपल्याच अंगाचा भार. बघायला सोपं. करायला गेलं की जरा वेळात कंबर जुन्या बाजेसारखी खाली झोळते, नाहीतर बूड तंबूसारखं वर जातं. दोन्हीत पोट सुट्टीवर आणि सगळा ताण मणक्यावर. मी झाडूचा एक दांडा त्यासाठीच काढून ठेवला होता. मुलगी प्लँकमध्ये गेली की तो तिच्या कण्यावर लांबीने ठेवायचा. डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांमधली जागा आणि माकडहाड, या तिन्ही ठिकाणी तो टेकला पाहिजे, आणि कंबरेपाशी तळहात सरकेल एवढीच फट राहिली पाहिजे. दांडा घसरला की कुठे चुकलं ते मला सांगावं लागायचं नाही.

दांड्याने सगळं कळत नाही हे मला मंगलाने शिकवलं. शिरपूरकडच्या एका खेड्यातली मुलगी, आमच्या वसतिगृहात राहायची. नववीत सगळ्यांत उंच तीच. पाठ मात्र आकड्यासारखी अशी वाकलेली, की भिंतीला टांगता येईल. खांदे पुढे, छाती आत, दप्तर पोटाशी धरलेलं. मी रोज ओरडायचे, "मंगला, ताठ!" ती क्षणभर ताठ व्हायची आणि मी वळले की पुन्हा मिटून जायची. मला वाटलं, स्नायू कमजोर आहेत. तिला जास्त जोर काढायला लावले. फरक शून्य. शेवटी एकदा व्यायामशाळेत आम्ही दोघीच होतो तेव्हा मी नीट विचारलं. ती दांड्याकडे बघत म्हणाली, "ताठ उभं ऱ्हायनं का बठ्ठा देखतस, बाई."

सगळे बघतात. त्या वयात छाती भरायला लागते आणि रस्त्यावरचे डोळे तिथेच जातात. त्यावर मुलींनी शोधलेला उपाय म्हणजे पोक. मला कळलं, की वर्गातल्या निम्म्या पाठी लाजेने वाकल्या आहेत आणि मी त्यांच्यावर मैदानात, सगळ्यांसमोर ओरडते आहे. त्यानंतर मी पाठीचे व्यायाम आत घेऊ लागले. दार लावायचं, खिडक्या लोटायच्या, सगळ्या पालथ्या झोपायच्या, म्हणजे कोणी कोणाकडे बघायलाच नको. छाती आणि पाय एकदम जमिनीवरून उचलायचे, धरायचे, खाली आणायचे. वर्ष संपता संपता मंगला फळ्याच्या वरच्या टोकाला लिहायला हात पूर्ण वर न्यायला लागली. मी ते शिक्षकांच्या खोलीत फार कौतुकाने सांगितलं होतं.

दुसऱ्याची लाज मला अशी चटकन दिसायची. माझी मी गडद निळ्या ट्रॅकपँटमध्ये लपवली होती.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर मला लघवीवर ताबा राहिला नव्हता. पूर्ण गेला होता असं नाही. शिंकले, खोकले, जोरात हसले, उडी मारली, की थोडी व्हायची. आधी वाटलं, अंग ओलं आहे, भरून येईल. भरून आलं नाही. कोणाला विचारायचं? आईला विचारवलं नाही. डॉक्टर पुरुष होते. मैत्रिणींत हा विषय कधी निघाला नाही, आणि निघाला असता तर मीच पहिली उठून गेले असते. मी खेळाची शिक्षिका. ज्या बाईचं शरीर तिच्या मुठीत असायला हवं, तिला शिंक सांभाळता येत नाही हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग युक्त्या आल्या. तासाआधी मोकळं होऊन यायचं. सकाळपासून पाणी प्यायचं नाही. ट्रॅकपँट गडद रंगाचीच. आणि शिट्टी. शिट्टी तोंडात असली की उडी मारावी लागत नाही. "मी मोजते, तुम्ही मारा," म्हटलं की झालं. खो-खोचा संघ बाहेरच्या जिल्ह्यात जायचा तेव्हा बसचा लांबचा प्रवास असायचा. मी घरची अडचण सांगून दुसऱ्या शिक्षिकेला पाठवायचे. माझ्या मुली जिंकून यायच्या आणि फोटोत त्यांच्यामागे दुसरीच बाई उभी असायची. निरोप समारंभात मुख्याध्यापिकांनी भाषणात सांगितलं, की बाईंनी नोकरी करताना घरसंसाराला कायम पहिलं स्थान दिलं. टाळ्या झाल्या. मी मान खाली घालून शाल घेतली. लोकांना तो विनय वाटला.

जळगावचा वर्ग देवळाशेजारच्या सभागृहात भरायचा. बायका घरून चटया आणायच्या. कोणाची कंबर धरलेली, कोणाची मान, कोणाचं पोट सुटलेलं. त्यांत सगळ्यांत वयस्कर होत्या अक्का. रावेरकडचं केळीच्या बागांचं घर, शेती मोठा मुलगा बघायचा, आणि या धाकट्याकडे जळगावला राहायच्या. सत्तरीच्या पुढच्या. पहिल्या दिवशी नऊवारीतच आल्या, दुसऱ्या दिवशी नातीची ट्रॅकपँट घालून आल्या आणि वर म्हणाल्या, "हसा व, हसून घ्या एकदाच्या." प्लँक मात्र अशा धरायच्या, की तरुण पोरी कोसळल्या तरी अक्का आपल्या तशाच, वर तोंडाने गप्पा. उड्यांचा व्यायाम आला की भिंतीशी जाऊन बसायच्या. "माह्या गुडघ्यात दम नही." मी कधी आग्रह केला नाही. माझ्या तोंडात शिट्टी असायची.

मी तिथे जे शिकवायचे ते शाळेत शिकवायचे तेच. पोट आत ओढा. श्वास रोखा. छाती पुढे. सोडू नका. बायका लालबुंद व्हायच्या आणि मी म्हणायचे, "हेच, असंच."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कॉलनीच्या मंडळाने आमच्या वर्गाचं प्रात्यक्षिक ठेवलं. मोठा मांडव, स्टेज, माईक. मंडळाने सगळ्यांना एकसारखे कपडे शिवले होते, फिकट आकाशी. ती पँट हातात आली तशी मी ती उजेडात धरून पाहिली. मला गडदच हवी असं सांगायला गेले, तर मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "मॅडम, फोटोत उठून दिसेल बघा." मी पँट घडी घालून पिशवीत टाकली.

कार्यक्रम उशिरा सुरू झाला, कारण पाहुण्या उशिरा आल्या. थंडी होती. मी घरून मोकळी होऊन निघाले होते, त्याला बराच वेळ झाला होता आणि मांडवाजवळ सोय नव्हती. तरी सगळं छान चाललं. प्लँक झाला, सेतुबंधासन झालं, बायका दांडा न लावताही सरळ होत्या. मग उड्या आल्या. मी बाजूला सरकून शिट्टी तोंडात घेतली. तेवढ्यात सूत्रसंचालन करणारी मुलगी माईकवर म्हणाली, "मॅडम नुसत्या शिट्टीच वाजवणार का? आज मॅडमनीपण उड्या मारून दाखवायच्या! टाळ्या!"

टाळ्या वाजायला लागल्या. खाली मुलगा, सून, यजमान बसले होते. नको म्हणायला कारण हवं होतं आणि ते सुचेना. मी पुढे झाले, हात वर केले आणि उडी मारली. पहिल्या उडीला सावरलं. दुसरीला कळलं. मी थांबायला हवं होतं, पण टाळ्यांच्या तालात अंग पुढची उडी मारून गेलं, आणि मग काही थांबलंच नाही. फिकट आकाशी रंगावर ओलं कसं दिसतं ते मला बघायची गरज नव्हती. गरम, आणि लगेच गार. मी होते तिथे मटकन खाली बसले, पाय जवळ घेतले आणि पोटरी धरली. "गोळा आला," असं काहीतरी म्हणाले. सूत्रसंचालन करणारी बोलायची थांबली होती. पुढच्या रांगेतल्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं, ते मी बघितलं.

आणि अक्का आल्या. ओळीतून निघून, पाण्याची मोठी बाटली घेऊन, "सरका व, मॅडमले पाणी पाजू द्या," असं ओरडत. माझ्यापाशी वाकल्या आणि त्यांच्या हातून बाटली सुटली. सगळं पाणी माझ्या मांडीवर, पँटवर, खालच्या सतरंजीवर.

"व माय! सांडलं ना सगळं! मी मेली म्हातारी, हात थरथरतो माह्या!"

मांडव हसला. कोणीतरी टॉवेल आणला, कोणीतरी शाल. अक्कांना दोन बायकांनी दटावून मागे नेलं. मी शाल गुंडाळून घरी गेले. न्हाणीघरात नळ सोडून बसले आणि मग लक्षात आलं, की ज्या बाईचा प्लँक अख्ख्या वर्गात हलत नाही तिचा हात थरथरेल कसा?

मी वर्ग बंद केला. पोटरी दुखावली म्हणून सांगितलं. फोन यायचे, मी घ्यायचे नाही. सभागृहाच्या रस्त्याने जाणं सोडलं. भाजीला निघाले की लांबच्या गल्लीने जायचे. त्या दोघींनी एकमेकींकडे कसं बघितलं ते जेवताना आठवायचं आणि मी ताट सारून उठायचे. यजमान विचारायचे, "पाय दाखवायचा का कोणाला?" मी नको म्हणायचे.

एका दुपारी अक्का घरी आल्या. यजमान बाहेर गेलेले, सून नोकरीवर. पिशवीतून केळी काढून टेबलावर ठेवली आणि सरळ माझ्या खोलीत येऊन पलंगावर बसल्या.

"पाय कसा हाये?"

"बरा आहे."

"पायाले काही झालंच नव्हतं, मंग बराच राहीन ना."

त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "मी पाहिलं. लगेच समजलं मले. समजणारच ना, माह्यं तेच हाये. तिसऱ्या पोरीपासून. लुगड्याचे तुकडे धुऊन धुऊन आयुष्य गेलं माह्यं. लग्नाले जात नही, कीर्तनाले बसत नही. सुना म्हणतात, सासूचा स्वभाव तिरसट हाये."

"अक्का, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कोणाले बोलू? तुह्या वर्गात आली ती त्याच्यासाठीच आली. म्हटलं, ही पोटाचा, कंबरेचा व्यायाम घेते, शिकलेली हाये, एखाद दिवशी हीच मले इचारीन. कायले उड्या मारत नही म्हणून इचारीन." मग जरा थांबून म्हणाल्या, "तू इचारलं नही. आता समजलं कायले नही इचारलं."

मला रडू आलं. त्यांनी पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. केळं सोलून हातात दिलं आणि म्हणाल्या, "खा. आन् डॉक्टर पाहा. तू जाशीन त मी येईन. एकटी मी नही जायची."

जळगावातच एक फिजिओथेरपिस्ट बाई होत्या, तरुण. आम्ही दोघी रिक्षाने गेलो. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी विचारलं, "कोणाला दाखवायचंय?" मी अक्कांकडे बोट केलं आणि अक्कांनी माझ्याकडे. एकाच वेळी. त्या बाई हसल्या नाहीत, एवढं मी त्यांचं देणं लागते.

"किती दिवसांपासून आहे?" त्यांनी मला विचारलं.

"धाकट्या मुलाच्या वेळेपासून."

"तो केवढा आहे?"

"त्याला आता टक्कल पडायला लागलंय," मी म्हणाले. त्यांचं पेन कागदावर थांबलं.

मी काय शिकवते ते त्यांनी विचारलं. मी शिक्षिका असल्याचं सांगताना माझा आवाज इतका खाली गेला, की त्यांनी दोनदा विचारलं. मग त्यांनी समजावलं. आपण पोटाचा व्यायाम म्हणतो तेव्हा पुढचे स्नायूच डोळ्यांसमोर आणतो. पण धड हा एक डबा आहे. वरचं झाकण म्हणजे श्वासाचा पडदा. भिंती म्हणजे पोट, कुशी आणि पाठ. आणि तळ म्हणजे ओटीपोटाच्या खालचे स्नायू, ज्यांच्यावर मूत्राशय टेकलेलं असतं. बाळंतपणात तळ ताणला जातो. आता श्वास रोखून, पोट आवळून जोर केला, की आतला दाब कुठे जाणार? सगळ्यांत कच्च्या बाजूला. खाली. पोक काढून बसलं तरी खाली, आणि छाती फुगवून, कंबर मागून आवळून ताठ उभं राहिलं तरी खालीच.

"म्हणजे मी जे शिकवत होते..." मी म्हणाले. वर्गातल्या लाल झालेल्या बायका दिसायला लागल्या. हेच, असंच, असं मी त्यांना म्हणत होते.

"बऱ्याच जणी असंच शिकवतात," त्या म्हणाल्या. त्यांनी धीर द्यायला म्हटलं असेल, मला त्याने जास्तच मेल्यासारखं झालं.

आम्ही पहिलीपासून शिकलो. उताणं झोपायचं, गुडघे उभे. श्वास घेताना तळ सैल सोडायचा. श्वास सोडताना खालची दोन्ही द्वारं हळूच आत, वर ओढून घ्यायची आणि पुन्हा सोडायची. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. आयुष्यभर बाहेरून दिसणारं बघत आलेल्या मला हे सगळ्यांत अवघड गेलं. अक्कांना लवकर जमलं. मग तसंच श्वास सोडत कंबर उचलायची. मग हात आणि गुडघ्यांवर ओणवं होऊन, पाठ सपाट ठेवून, एक हात लांब करायचा. प्लँक गुडघे टेकवून, आणि श्वास चालू ठेवून. काही उचलायचं असो, उठायचं असो की शिंकायचं असो, आधी तळ उचलायचा. पाणी प्यायला लागले. धुळ्या-जळगावच्या उन्हाळ्यात मी इतकी वर्षं पाणी न पिता कशी राहिले, असं त्यांनी विचारलं होतं. पूर्ण बरं झालं नाही. पुष्कळ सुधारलं. कपडे बदलायची वेळ क्वचित यायला लागली.

मग वर्ग पुन्हा सुरू केला. पहिल्या सकाळी मी दार लावून घेतलं आणि पुढे उभी राहिले. आज काय सांगायचं ते घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. डब्याचं सांगितलं, झाकणाचं, भिंतींचं. तळापाशी आले आणि अडले. पंखा घरघरत होता. बायका वाट बघत होत्या. मागच्या ओळीतून अक्का माझ्याकडे बघत होत्या, पण या वेळी त्या उठल्या नाहीत. बाटली घेऊन आल्या नाहीत. मला त्यांचा थोडा रागच आला.

"संक्रांतीला माझ्या पायात गोळा आला नव्हता," मी म्हणाले. "मला लघवी झाली होती. उडी मारली की होते. खूप वर्षांपासून होते. म्हणून मी शिट्टी वाजवायचे."

मी हे जमिनीकडे बघत बोलले. वर्गाच्या बाईने कधी बोलू नये अशा आवाजात बोलले. एक बाई उठल्या, चटई गुंडाळली आणि म्हणाल्या, "आम्ही इथं व्यायामाला येतो मॅडम, असलं ऐकायला नाही." त्या गेल्या. नंतर आल्याच नाहीत. दार लोटल्याचा आवाज माझ्या कानशिलावर बसल्यासारखा वाटला. आता सगळ्याच उठतील म्हणून मी वाट बघत राहिले.

खिडकीजवळच्या एकीने, जिचं मूल अजून अंगावर पीत होतं, हात वर केला. शाळेत करतात तसा. "मॅडम, शिंकल्यावर झाली तर तेपण हेच का?"

त्या दिवशी व्यायाम झालाच नाही.

आता एक गोष्ट राहिली होती. कॉलनी लहान आहे. आज ना उद्या हे यजमानांच्या कानावर जाणार होतं, आणि दुसऱ्या कोणाच्या तोंडून गेलं असतं तर त्याची लाज आणखी निराळी. संध्याकाळी चहा घेताना मी त्यांना सांगितलं. प्रवासाला नाही म्हणायचे ते का, जळगावला आल्यापासून त्यांच्या बहिणीकडे धुळ्याला त्यांना दर वेळी एकटं का पाठवायचे, नातेवाइकांच्या सहलींना माझं डोकं नेमकं त्याच दिवशी का दुखायचं, सगळं. त्यांनी कप खाली ठेवला. बशीची कड बोटाने पुसली.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "तुला माझ्याबरोबर कुठे जायला आवडत नाही."

"असं कधी विचारलं नाहीत."

"खरंच तसं म्हणाली असतीस तर?"

स्टेजवर जे झालं त्याची लाज मोठी होती. पण ती मांडवाबरोबर उतरली म्हणा, निदान उतरायला लागली. ही वेगळी. एक सरळ माणूस माझ्याजवळ राहून इतकी वर्षं मनातल्या मनात नावडता होऊन बसला होता, आणि मला त्याची पाठ रोज दिसत असून हे दिसलं नव्हतं. या लाजेला व्यायाम नाही.

उन्हाळा संपत आला तेव्हा आम्ही दोघं एसटीने धुळ्याला निघालो, नणंदेकडे. निघताना मी मुद्दाम तांब्याभर पाणी प्यायले. एरंडोल गेलं. पारोळ्याला बस थांबली तेव्हा गरज वाटली नाही, आणि पारोळं मागे पडल्यावर वाटायला लागली. मी श्वास सोडत तळ उचलून बसले. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला मी यजमानांचा हात धरायचे. त्यांच्या लक्षात आलं.

"मी सांगतो कंडक्टरला," म्हणून ते अर्धवट उठले. मी त्यांना खाली बसवलं. माझ्या वतीने दुसऱ्यांनी पुष्कळ वर्षं बरंच काही सांगून झालं होतं.

"भाऊ, जरा बस थांबवा."

"मावशी, आता धुळंच येतंय की. अर्ध्या तासात."

"अर्धा तास जमणार नाही. लघवीला जायचंय."

इंजिनाच्या आवाजावर ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने बोलले आणि ते सगळ्या बसला ऐकू गेलं. पुढच्या बाकावरची दोन कॉलेजची पोरं मागे वळली आणि घाईने पुन्हा पुढे बघायला लागली. माझे कान तापले. मान आपोआप खाली गेली. कंडक्टरने घंटी ओढली आणि पुढे पेट्रोलपंप दिसल्यावर ड्रायव्हरने बस कडेला घेतली. मी कोणाच्याही तोंडाकडे न बघता दांडे धरत पायऱ्या उतरले आणि पंपामागच्या स्वच्छतागृहाकडे चालायला लागले.

मागून चपलांचे आवाज आले. मी वळून पाहिलं. बसमधून बायका उतरत होत्या. एक म्हातारी, तिला धरून तिची सून, एक कडेवर मूल घेतलेली, नोकरीवरून येणारी एक पर्सवाली, अजून कोणी. सगळ्या माना खाली घालून आल्या आणि माझ्यामागे मुकाट रांगेत उभ्या राहिल्या.

माझं झाल्यावर मी बसच्या दाराशी येऊन उभी राहिले. कंडक्टर घड्याळ बघत होता. त्याने घंटीच्या दोरीला हात घातला.

"थांबा भाऊ," मी म्हणाले. "अजून दोघी यायच्या आहेत."